जी-क्वाड्रुप्लेक्सवर काम सुरू करताना

जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणजे ग्वानिनच्या चौकड्या एकावर एक रचून बनलेली डीएनएची चार पदरी घडी. तिला चिकटणारा रेणू निवडण्याची घाई नको. आधी डीएनएची घडी नीट बसली आहे का, ते तपासा. मानवी टेलोमिअरमधील (गुणसूत्राच्या टोकामधील) टीटीएजीजीजी ही पुनरावृत्ती सोडियमच्या द्रावणात एक घडी घेते आणि पोटॅशियमच्या द्रावणात दुसरी, त्यामुळे बफरमधला क्षार न नोंदवता काढलेल्या निष्कर्षाला अर्थ उरत नाही. नमुना ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सावकाश थंड करा आणि सीडी वर्णपट (वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातील फरकाचा आलेख, ज्यावरून घडीचा प्रकार कळतो) घ्या. समांतर घडीचे (सर्व पदर एकाच दिशेचे) धन शिखर २६४ नॅनोमीटरच्या आसपास दिसते.

सुरुवातीला दोन चुका हमखास होतात:

- दुहेरी सर्पिल डीएनएशी तुलना न करणे. ग्वानिनच्या टोकाच्या चौकडीवर बसणारे सपाट, धनभारित रेणू तिथेही चिकटू शकतात.
- रेणूमुळे वितळण तापमानात (ज्या तापमानाला घडी उलगडते त्यात) होणारी वाढ हेच बंधाच्या घट्टपणाचे माप मानणे.

डॉकिंग (रेणू कुठे कसा बसेल याचा संगणकी अंदाज) तूर्त बाजूला ठेवा.