टोटल वॉर रोम टू: तटस्थ राज्यांना पैसे देऊन केलेली युती टिकते का?

तुम्ही लिहिलंय की 'टोटल वॉर रोम टू' या प्राचीन काळातल्या युद्धाच्या कॉम्प्युटर गेममध्ये कार्थेज घेऊन खेळताय, शेजारच्या मासेसिलींना (उत्तर आफ्रिकेतलं राज्य) दोन हजार टॅलेंट, म्हणजे गेममधले पैसे, देऊन नॉन-अ‍ॅग्रेशन पॅक्ट, म्हणजे एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार, केला आणि थोड्याच टर्नमध्ये (खेळीत) तेच अंगावर आले, मग असे पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर किती.

द्यावेत. बिनधास्त द्यावेत. फक्त जो आपल्यावर चालून येऊ शकतो त्याला छदामही द्यायचा नाही, त्याच्या पाठीमागे जो बसलाय त्याला द्यायचे. यावरून माझं आणि माझ्या हॉस्टेलच्या रूम पार्टनरचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, ग्रुपवर कुणी रोमचं नाव काढलं की परत सुरू होतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तेव्हा रूमवर गेम चालेल असा एकच पीसी होता, त्याचा. दोघांनीही रोम घेऊन कॅम्पेन सुरू केलेली, सेव्ह फाइल्स वेगळ्या, एक मेसला गेला की दुसरा खुर्चीत. सुरुवात सगळ्यांची सारखीच असते, इ.स.पू. 272, एट्रुस्कन लीगशी युद्ध आधीच लागलेलं, ते आटपलं की सिसिली, आणि सिसिली म्हणजे कार्थेज. सगळं सैन्य खाली सिसिलीतल्या लिलिबेअमच्या वेढ्याला नेलं की वरची बाजू उघडी पडते, आणि वर मेडिओलानमला, म्हणजे आजच्या मिलानला, इन्सुब्रेस ही गॉल टोळी बसलेली. त्यांच्या पूर्वेला पटाविअमचे व्हेनेटी. आता कुणी म्हणेल अजून एक आर्मी काढ. पण आर्मी किती ठेवता येतात ते इम्पीरियमच्या, म्हणजे साम्राज्य किती मोठं झालंय त्याच्या, लेव्हलवर ठरतं, त्यामुळे तिजोरी भरलेली असली तरी त्या पैशाची आर्मी होत नाही! जे लोक 'पैसे आर्मीवर घाल, डिप्लोमसीवर नको' असं सांगतात ते हा मुद्दा सोयीस्कर विसरतात. शिवाय वीस युनिट्सच्या फुल स्टॅकचा (पूर्ण भरलेल्या आर्मीचा) अपकीप, म्हणजे पोसण्याचा खर्च, दर टर्नला जातो, दिलेलं पेमेंट एकदाच जातं.

रूम पार्टनरने काय केलं, तर इन्सुब्रेसची फौज सीमेवर दिसली म्हणून इन्सुब्रेसलाच पैसे दिले. तुम्ही केलंत तेच. पॅक्ट झाला, हा निवांत सिसिलीत उतरला, आणि इन्सुब्रेस त्याच पैशाने भरती करून खाली आले. त्यांच्या नावावर कर्सर नेला असता तर सगळं लिहिलेलं दिसलं असतं, संस्कृती वेगळी म्हणून मायनस, त्यांच्या मित्रांशी भांडण म्हणून मायनस, आणि प्लसमध्ये फक्त ह्याचा एक पॅक्ट. बाकी आकडे लाल असताना एका पॅक्टवर कोण थांबेल? ह्याचं निदान मात्र ठरलेलं: एआय (कॉम्प्युटर चालवतो ती राज्यं) पैसे खातो, युती बिती झूठ आहे, तलवार खरी.

मी व्हेनेटींना दिले. माझ्या सेव्हमध्ये व्हेनेटी आणि इन्सुब्रेस यांचं आधीच वाजलेलं होतं आणि व्हेनेटी मार खात होते. आधी नुसतं ट्रेड अ‍ॅग्रीमेंट, पैसे न घालता. मग पॅक्टची ऑफर, खाली ती मान्य होण्याची शक्यता दाखवणाऱ्या बारवर 'लो' दिसतंय, थोडे पैसे वाढवले, 'मॉडरेट', अजून थोडे, 'हाय' झालं की तिथेच थांबून पाठवलं. मग मध्ये मध्ये थोडे थोडे, ते खचताना दिसले की. त्यांनी माझ्यासाठी लढावं असं मी कधीच मागितलं नाही. ते जिवंत राहिले आणि इन्सुब्रेसच्या कुशीत टोचत राहिले एवढं मला पुरेसं होतं.

आणि मग तो टर्न आला. माझं सगळं सिसिलीत, उत्तरेकडच्या माझ्या अरिमिनम शहरात नुसती गॅरिसन (शहराची राखण करणारी तुकडी), आणि इन्सुब्रेसचा फुल स्टॅक खाली उतरून शहरापासून एका चालीवर येऊन उभा. रूम पार्टनर मागे उभा राहून बघत होता, हातात ताट. म्हणाला, गेलं तुझं अरिमिनम. एंड टर्न दाबलं. एकेका फॅक्शनचा (राज्याचा) झेंडा वर सरकतोय, इन्सुब्रेसचा आला, आणि तो स्टॅक मागे वळून सरळ उत्तरेला निघाला, कारण व्हेनेटींनी मेडिओलानमला वेढा घातला होता. अरिमिनमच्या भिंतीला कुणी हातसुद्धा लावला नाही. आणि ह्यावर हा माणूस काय म्हणतो, 'नशीब.' आजही तेच म्हणतो.

नशीब कसलं? खऱ्या इतिहासात अगदी ह्याच भूगोलात अगदी हेच झालंय. इ.स.पू. 225. बोई आणि इन्सुब्रेस यांनी रोमवर चालून जायचं ठरवलं आणि आल्प्स-ऱ्होनकडच्या गेसाटींना भरपूर सोनं देऊन बोलावलं, वर रोमच्या लुटीचं आमिष. गेसाटी म्हणजे पैसे घेऊन लढणारेच लोक, त्यांचे राजे कोंकोलिटानुस आणि आनेरोएस्टेस. दुसरीकडे रोमने वकील पाठवून व्हेनेटी आणि सेनोमानी यांना आपल्याकडे वळवलं. व्हेनेटींचं तर गॉल शेजाऱ्यांशी आधीपासून पटत नव्हतंच. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की त्यामुळे गॉलांना चालून जाताना फौजेचा एक भाग घर राखायला मागे ठेवावा लागला. वीस हजार माणसं व्हेनेटी-सेनोमानींची. आणि सोनं घेऊन आलेल्यांचं काय झालं? पहिली लढाई जिंकली, लूट हातात आली, तर आनेरोएस्टेसचा सल्ला काय, आता परत लढायला नको, माल घेऊन घरी जाऊ. परतीच्या वाटेवर इटलीतल्या टेलामॉनला दोन रोमन सैन्यांच्या मधे सापडले आणि कापले गेले. गेसाटी शूर नव्हते असं नाही, उघड्या अंगाने पहिल्या रांगेत उभे राहिले होते. पण रोमशी त्यांचं स्वतःचं भांडण काहीच नव्हतं, खिसा भरला की काम संपलं.

म्हणजे पैशाने वैर विकत मिळत नाही, असलेल्या वैराला बळ देता येतं. इराणच्या बादशहाचंही तेच. इ.स.पू. 395 च्या सुमाराला र्‍होडसचा टिमोक्राटेस त्याच्या वतीने पन्नास टॅलेंट (इथे वजनाचं माप) चांदीच्या किमतीचं सोनं घेऊन ग्रीसमध्ये फिरला आणि थीब्स, कॉरिंथ, आर्गोसमधल्या पुढाऱ्यांना वाटलं. स्पार्टावर ही शहरं आधीच जळत होती. ग्रीक इतिहासकार झेनोफॉन तर म्हणतो अथेन्सने पैसे घेतलेच नाहीत, तरी लढायला उत्सुक होते. परिणाम, आशियात इराणला झोडपणाऱ्या आपल्या राजाला, एजेसिलाउसला, स्पार्टाने परत बोलावून घेतलं. पन्नास टॅलेंटमध्ये! तेवढ्यात किती जहाजं किती महिने चालली असती ते बघा.

त्याचा दुसरा आक्षेप असायचा की ही खंडणी झाली, मर्दासारखं लढावं. अरे, धमकी देणाऱ्याला पैसे तूच दिलेस! मी दिले ते त्याला चावणाऱ्याला. साम-दाम-दंड-भेद म्हणतो आपण, त्यात दाम आणि भेद एकाच टर्नमध्ये होत असतील तर दंड सिसिलीत वापरायला मोकळा राहतो, यात कमीपणा काय आहे? मी कार्थेज घेतलं तेव्हा हा अजून इटलीत स्वतःची गावं परत घेत होता, हे ग्रुपवर कुणी काढत नाही.

किती द्यायचे याला ठरलेला आकडा नाही. बार 'हाय' होईल तेवढे, एक टॅलेंट जास्त नाही. आणि एकरकमी मोठे देऊ नका, शेवटी ते पैसे त्यांच्या आर्मीतच जातात आणि इन्सुब्रेस संपल्यावर माझे शेजारी व्हेनेटीच झाले होते, तेव्हा त्यांना फार फुगवू नका. मिलिटरी अलायन्स शक्यतो नकोच, ते नको तिथे युद्धाला बोलावतात आणि नाही म्हटलं की युती तुटते, शिवाय आपली रिलायबिलिटी (शब्द पाळण्याची पत) पडते आणि मग पुढचं प्रत्येक डील महाग होतं. 2004 च्या जुन्या 'रोम: टोटल वॉर' गेममध्ये यातलं काही चालत नाही, तिथे अलाय असलेला शेजारीसुद्धा बिनदिक्कत हल्ला करतो. मॉड (इतरांनी गेममध्ये केलेले बदल) लावले असतील तर आकडे बदलतील.

आता तुमचे मासेसिली. सिफॅक्स त्यांचाच राजा. रोमने त्याला इ.स.पू. 210 मध्ये टोगा, हस्तिदंती खुर्ची आणि सोन्याचं पात्र पाठवलं होतं, तरी पुढे कार्थेजच्या हसद्रुबाल या सेनापतीने मुलगी सोफोनिस्बा दिली आणि तो तिकडे गेला. मग रोमला उपयोगी पडला तो मॅसिनिसा, ज्याचं राज्यच सिफॅक्सने बळकावलं होतं. तेव्हा डिप्लोमसी स्क्रीन उघडा, मासेसिलींचं सध्या कुणाशी युद्ध चालू आहे ते बघा, गेटुली असोत नाहीतर मौरी, उरलेले पैसे त्या शत्रूंना द्या, आणि कुणाशीच नसेल तर आधी दुसऱ्या कुणाला त्यांच्याविरुद्ध 'जॉइन वॉर'ची (युद्धात उतरण्याची) ऑफर टाकून बघा, बार 'लो'च्या वर हलला नाही तर पैसे ठेवून घ्या आणि सिसिलीतली एक आर्मी परत आणा.