डॅलस परिसरातील नव्या फोरप्लेक्समध्ये गुंतवणूक: पुण्याहून येणाऱ्या कुटुंबासाठी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीच्या बदलीवर, एल-१ व्हिसावर, आपण येत्या जूनमध्ये पत्नी आणि मुलीसह पुण्याहून डॅलसला येत आहात. वाकडमधील भाड्याने दिलेला फ्लॅट विकून ती रक्कम फोर्ट वर्थच्या बाहेर नुकत्याच बांधून होत असलेल्या चार घरांच्या इमारतीत, म्हणजे फोरप्लेक्समध्ये, गुंतवावी आणि येण्यापूर्वीच बुकिंग करावे, असा आपला विचार आहे. बिल्डरने पाठवलेल्या तक्त्यात पहिल्याच महिन्यापासून चांगली शिल्लक दिसते आणि तो तक्ता विश्वासार्ह आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी डॅलसजवळच्या प्लेनो शहरात राहतो आणि भाड्याची एक छोटी इमारत सांभाळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की पुण्याहून निघण्यापूर्वी फ्लॅट विकावा, परंतु इमारत मात्र तेव्हा घेऊ नये. नव्या इमारतीचे पहिल्या वर्षाचे आकडे हे तिचे खरे आकडे नसतात, आणि त्यांतला फरक दुरून सहज ओळखता येत नाही.

सर्वात मोठा फरक मालमत्ता कराचा आहे. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही. शाळा, काउंटी (म्हणजे जिल्हा प्रशासन) आणि शहरे यांचा खर्च मुख्यतः मालमत्ता करातून चालतो. अनेक उपनगरांत सर्व संस्थांचा मिळून हा दर मालमत्तेच्या मूल्याच्या दोन टक्क्यांहून अधिक होतो, आणि नव्या वसाहतींमध्ये पाणी व सांडपाण्याच्या सोयींसाठी स्थापन केलेली स्वतंत्र संस्था असेल तर तिचा कर वेगळा लागतो. हे मूल्य १ जानेवारी रोजी मालमत्ता ज्या अवस्थेत असेल त्यावरून ठरते. म्हणजे १ जानेवारीला तेथे मोकळा प्लॉट असेल आणि इमारत ऑगस्टमध्ये पूर्ण झाली, तर त्या वर्षाचे बिल केवळ जमिनीवर येते. विक्रीच्या तक्त्यात पुष्कळदा हेच बिल ‘वार्षिक कर’ म्हणून दिलेले असते. ते खोटे नसते, पण पुढच्या वर्षी ते तसे राहत नाही.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा इमारतीची किंमत ८ लाख डॉलर, त्यापैकी जमीन १ लाख डॉलरची, आणि एकूण कराचा दर २.३ टक्के आहे. पहिल्या वर्षाचा कर २,३०० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे १९२ डॉलर येईल. दुसऱ्या वर्षी पूर्ण इमारतीवर १८,४०० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे १,५३३ डॉलर. आता प्रत्येक घराचे भाडे १,८०० डॉलर धरले तर महिन्याची एकूण आवक ७,२०० डॉलर होते. गुंतवणूकदार म्हणून २५ टक्के रक्कम स्वतः भरून ६ लाखांचे कर्ज तीस वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे ३,९९२ डॉलर. विमा ५०० डॉलर, व्यवस्थापकाचे शुल्क आठ टक्क्यांनी ५७६ डॉलर, घरे रिकामी राहण्यापोटी पाच टक्के म्हणजे ३६० डॉलर आणि दुरुस्तीसाठी तेवढेच. पहिल्या वर्षाचा कर धरला तर महिन्याला सुमारे १,२२० डॉलर उरतात, आणि रिकामा काळ व दुरुस्ती गाळली तर ही शिल्लक १,९४० डॉलर दिसते. पूर्ण कर धरून आणि काहीही न गाळता हिशेब केला तर महिन्याला सुमारे १२१ डॉलर खिशातून घालावे लागतात. इमारत तीच, भाडेकरूही तेच, तरीही चित्र पूर्ण उलटते.

हा फटका एकदम बसत नाही, म्हणून तो अधिक त्रासदायक ठरतो. कर्ज देणारी संस्था बहुधा कर आणि विमा यांची रक्कम दरमहा हप्त्यासोबत घेऊन वेगळ्या खात्यात साठवते. पहिल्या वर्षाच्या बिलावरून ही मासिक रक्कम ठरली, तर पूर्ण बिल आल्यावर तूट निघते आणि मग मागची तूट व पुढचा वाढीव कर असे दोन्ही मिळून हप्ता वाढतो. म्हणून काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन त्याच रस्त्यावरील, दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या तशाच इमारतीचे बिल पाहावे. ही माहिती सर्वांसाठी खुली असते आणि पुण्यात बसूनही पाहता येते. आपल्या हिशेबात तोच आकडा घालावा.

भाड्याच्या आकड्याबाबतही अशीच सावधगिरी हवी. फोर्ट वर्थच्या बाहेर अशा इमारती एकेकट्या क्वचितच उभ्या राहतात. एकच बिल्डर एका रस्त्यावर पंधरा-वीस फोरप्लेक्स बांधतो, त्या दोन-तीन महिन्यांच्या आत पूर्ण होतात आणि साठ-ऐंशी एकसारखी घरे एकाच वेळी भाडेकरू शोधू लागतात. हिंजवडीजवळच्या मोठ्या प्रकल्पात एकाच दिवाळीत शेकडो ताबे दिले गेले की भाड्याचे जे होते, तेच येथे होते. पहिला महिना मोफत, अनामत रक्कम कमी, अशा सवलती मालक एकमेकांच्या चढाओढीने देतात. त्यामुळे करारावर १,८०० डॉलर लिहिलेले असले, तरी एक महिना मोफत दिल्यावर वर्षाची सरासरी १,६५० डॉलर पडते. बिल्डरने ‘अपेक्षित भाडे’ सांगितले असेल, तर त्याऐवजी सह्या झालेले करार आणि त्यांतील सवलतींची नोंद मागावी. ते दाखवण्याची तयारी नसेल, तर तो आकडा विचारात घेऊ नये. वसाहतीची सामायिक संस्था असेल, तर तिचे मासिक शुल्कही वरच्या हिशेबात घालावे लागेल.

कर्जाचा प्रश्न हे येण्यापूर्वी बुकिंग न करण्याचे दुसरे मोठे कारण आहे. आपण पुण्यातून, येथे पतइतिहास नसताना घ्याल, तर ती गुंतवणूकदाराची खरेदी ठरेल आणि अशा कर्जांचे व्याजदर व अटी कडक असतात. तीच इमारत आपण एका घरात स्वतः राहण्यासाठी घेतली, तर परिस्थिती बदलते. बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांनुसार नोव्हेंबर २०२३ पासून, मालक स्वतः राहणार असेल तर दोन ते चार घरांच्या इमारतीसाठी ५ टक्के डाउन पेमेंट पुरेसे होऊ शकते, तर निव्वळ गुंतवणुकीसाठी २५ टक्के लागते. यासाठी ताबा मिळाल्यापासून साधारण ६० दिवसांत राहायला जावे लागते आणि किमान वर्षभर राहावे लागते. कायदेशीर वर्क व्हिसा असलेल्यांना हे कर्ज मिळू शकते. मात्र जुन्या सल्ल्यांमध्ये ज्या एफएचए कर्जाची, म्हणजे सरकारी विमा असलेल्या गृहकर्जाची, शिफारस दिसते, ते २५ मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्या तात्पुरत्या रहिवाशांना मिळत नाही. ५ टक्के भरून घेतल्यास कर्ज ७.६ लाखांचे होते आणि हप्ता ५,०५० डॉलरच्या पुढे जातो, शिवाय कर्जविम्याचा खर्च वेगळा. तीन घरांचे ५,४०० डॉलर भाडे त्यातील मोठा भाग उचलते, पण सर्व खर्च भागवत नाही. आपण अन्यथा भरला असता तेवढा भाड्याचा पैसा त्यात जातो, हे समजून घेतले तर ही खरेदी विचार करण्याजोगी आहे. म्हणून पहिले वर्ष भाड्याच्या घरात राहून पतइतिहास तयार करावा आणि मुलीची शाळा व कार्यालयाचे अंतर पाहून परिसर निवडावा.

इमारत नवी आहे म्हणून तपासणी नको, हा समज उत्तर टेक्ससमध्ये महाग पडतो. येथील काळी चिकणमाती आपल्याकडच्या काळ्या जमिनीसारखीच पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे पाया हलतो, भिंतींना तिरपे तडे जातात आणि दारे अडकू लागतात. पायाचे काँक्रीट ओतण्यापूर्वी, भिंतींवर ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे) बसवण्यापूर्वी आणि ताब्यापूर्वी अशी तीन वेळा राज्याचा परवाना असलेल्या स्वतंत्र तपासनिसाकडून पाहणी करून घ्यावी. बिल्डरच्या हमीत बहुधा कारागिरीसाठी फक्त एक वर्ष असते, म्हणून अकराव्या महिन्यात पुन्हा तपासणी करून दोष लेखी कळवावेत. पाण्याचा निचरा इमारतीपासून दूर जातो का, हे जोरदार पावसानंतर स्वतः जाऊन पाहावे. विम्याच्या कागदांत गारपिटीची अट जरूर वाचावी. येथे वारा आणि गारपीट यांसाठी मालकाने सोसायचा वाटा अनेकदा विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असतो. ६ लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे छपराच्या नुकसानीतले पहिले १२,००० डॉलर आपले.

आता पुण्याच्या पैशाविषयी. आपण जूनमध्ये निघाल्यास भारतातील त्या आर्थिक वर्षात आपले वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी होईल आणि नोकरीसाठी परदेशी जाणारी व्यक्ती म्हणून आपण त्या संपूर्ण वर्षासाठी अनिवासी ठरण्याची शक्यता आहे. म्हणजे एप्रिल किंवा मे महिन्यातील विक्रीही कराच्या दृष्टीने अनिवासी व्यक्तीची विक्री ठरू शकते. निवासी विक्रेत्याला, २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर, १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांकासह २० टक्के यांतील कमी कर भरण्याची मुभा आहे. अनिवासींना ती नाही. शिवाय निवासी विक्रेत्याच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, तर अनिवासीच्या बाबतीत, कमी कपातीचे प्रमाणपत्र नसेल तर, मोठी रक्कम अडकते. म्हणून विक्रीखत शक्यतो ३१ मार्चपूर्वी नोंदवावे. अमेरिकेत करदृष्ट्या रहिवासी झाल्यावर वाकडच्या फ्लॅटचा नफा येथेही दाखवावा लागतो, हे आणखी एक कारण. परदेशी घर घेतल्याने भारतातील भांडवली नफ्यावर सूट मिळेल, असे कोणी सांगितले तर ते चुकीचे आहे. त्या सुटीसाठी नवे घर भारतातच असावे लागते.

पैसा मात्र घाईने पाठवू नये. निवासी असताना गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ कर, घेते. ८० लाख पाठवले तर १४ लाख रुपये विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकून राहतात. येथे आल्यानंतर भारतातील खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे रुपयातील खाते, करून, चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र जोडून, त्यातून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम आणता येते आणि त्यावर हा टीसीएस लागत नाही. विक्रीखत, कर भरल्याच्या पावत्या आणि बँकेचे उतारे सोबत ठेवावेत, कारण कर्ज देताना मोठ्या रकमेचा उगम विचारला जातो.

घसाऱ्याची सवलत विक्रेते फार रंगवून सांगतात. इमारतीची किंमत, जमीन वगळून, साडेसत्तावीस वर्षांत घसाऱ्यापोटी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते हे खरे, पण कागदावरचा तोटा पगारातून वजा करण्याची सोय उत्पन्न एक लाख डॉलरच्या वर गेल्यावर कमी होत जाते आणि दीड लाखाला संपते. उरलेला तोटा पुढे ओढता येतो. त्यावरून खरेदी ठरवू नये.

व्हिसाचा विचार मात्र खरेदीच्या आधी करावा. नोकरी गेल्यास दुसरी व्यवस्था करण्यासाठी साधारण ६० दिवस मिळतात, आणि एवढ्या काळात चार घरांची इमारत योग्य भावाने विकली जात नाही. म्हणून डाउन पेमेंट वगळून किमान सहा महिन्यांचे सर्व हप्ते हाताशी असावेत आणि भारतात परतावे लागल्यास कोण व्यवस्था पाहील, हे आधी ठरवावे. परतल्यानंतर, अमेरिकेच्या दृष्टीने अनिवासी म्हणून, विक्री केली, तर खरेदीदार विक्रीच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम अमेरिकी कर खात्यासाठी कापून ठेवतो. त्याहून गंभीर बाब अशी की येथे कायमचे वास्तव्य नसलेल्या परदेशी व्यक्तीचा मृत्यू झाल्यास अमेरिकेतील मालमत्तेवरील वारसा कराला फक्त ६०,००० डॉलरची सूट आहे, आणि या कराबाबत भारत व अमेरिका यांच्यात करार नाही. मुदतीचा जीवनविमा आणि या विषयातील वकिलाचा एक तासाचा सल्ला, हे दोन्ही खर्च खरेदीच्या अंदाजपत्रकात धरावेत.

आपण शेवटी विचारले आहे की इमारतीचे काम स्वतः पाहता येईल का. भाड्याचे उत्पन्न घेण्यास एल-१ व्हिसाची आडकाठी नाही, परंतु भाडेकरू शोधणे, दुरुस्त्या करणे असे नियमित काम आपण स्वतः केले, तर ते परवानगीबाहेरचे काम मानले जाण्याचा धोका असतो. आपल्या पत्नीची स्थिती वेगळी आहे. एल-१ धारकाच्या जोडीदाराला २०२१ च्या अखेरीपासून स्वतंत्र परवाना न काढता काम करता येते, फक्त आय-९४ या अमेरिका-प्रवेशाच्या नोंदपत्रावर तशी नोंद आहे का हे पाहावे. त्यांनी पुण्यात लेखापालाचे काम केल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा हिशेब आणि करार त्या उत्तम सांभाळू शकतील. मात्र जाहिरात लिहिताना ‘फक्त भारतीय कुटुंब’ किंवा एखाद्या धर्माचा उल्लेख कदापि करू नये. पुण्यात असे मजकूर सर्रास दिसतात, पण १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याखाली ते बेकायदा आहे, मालक त्याच इमारतीत राहत असला तरीही. मुले असलेल्या कुटुंबांनाही सामान्यतः नाकारता येत नाही. भाडेकरूची निवड उत्पन्न, पत आणि पूर्वीच्या घरमालकाचा अभिप्राय या निकषांवर, सर्वांसाठी सारखी करावी. तसेच घर सोडल्यावर अनामत रक्कम, कपातीच्या तपशिलासह, ३० दिवसांच्या आत परत करावी लागते. त्यासाठी प्रत्येक घराची छायाचित्रे भाडेकरू राहायला येण्याच्या दिवशीच काढून तारखेसह जपून ठेवावीत.