आधी पूल मोडू दे

मुलांना पूल शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर बलांचे बाण काढू नकोस. आइस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल देऊन छोटा पूल बांधायला सांग, दोन बाकांमध्ये ४० सेंमी अंतर ठेवून तो त्यावर टेकव, मधोमध बादली टांग आणि मगाने पाणी ओत. (वाळू नको, झाडून जीव जातो.)

मुलं हमखास चौकोन जोडतात आणि तो कलतो. एक तिरपी काडी लावली की ताठ. इथे घाई करू नकोस, प्रत्येकाला हाताने दाबून बघू दे. मग वरची काडी बाहेर का फुगते ते विचार. दाबाखालच्या सडपातळ काडीला मधोमध पक्का आधार दिला, तर वाकण्याआधी ती साधारण चौपट भार घेते. हे ऑयलर या गणितज्ञाचं गणित नंतर शिकव.

डिंक नीट वाळू दे. ठाण्याच्या पावसाळ्यात दोन दिवस धर. माझ्या पहिल्या स्पर्धेत निम्मे पूल सांध्यात सुटले, काडी एकही मोडली नव्हती!

गुण पेललेल्या वजनावर नाही, पुलाच्या वजनाच्या किती पट पेललं यावर दे. नाहीतर पोरं काड्यांची मोळी बांधून आणतात.

अटल सेतूवर जहाजांच्या वाटेवर १८० मीटरपर्यंतचे पोलादी गाळे (दोन खांबांमधले भाग) आहेत, इतरत्र बहुतेक काँक्रीट. का, ते त्यांनाच विचार.