अलिबागला सोसायटीच्या दुरुस्तीचं आणि रंगाचं काम थंडीतच उरकून घे

कमिटीत नवीन आलायस म्हणून सांगतो, दिवाळी झाली की कामाला लाग, कारण आपल्याकडे भिंती पूर्ण सुकायलाच डिसेंबर उजाडतो आणि ओल्या भिंतीवर रंग मारलास तर पुढच्या पावसात पापुद्रे सुटणार म्हणजे सुटणारच.

आधी गच्ची बघ. मग पिलर, बीम आणि छज्जे हातोडीने हलके ठोकून बघ, पोकळ आवाज आला की आतली सळई गंजलीय समज. समुद्राची खारी हवा आहे रे, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडतं. आमच्याकडे एकदा नुसतं सिमेंट थापून घेतलं, दोन वर्षांत तेच पडलं, खाली पोरं खेळत होती, अजून अंगावर काटा येतो. सळई घासून, गंजरोधक लावूनच प्लास्टर करून घे.

बिल्डिंग १५ वर्षांच्या वर असेल तर दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनीअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, लागतं, ३० नंतर दर ३ वर्षांनी, त्यात कंजूषी नको.

आणि जानेवारीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लाव, म्हणजे मडक्यात शेंगा भरून जाळावर भाजायच्या, आणि त्यात घालायचा भांबुर्ड्याचा रानपाला आणायला सगळ्यांना ने. मेंटेनन्स थकवणारे काकाही मडक्याभोवती बसतात, तिथे शांतपणे बोलता येतं.