रिपोर्ट नॉर्मल आला, मंग दुखते काहून?

“सोनोग्राफीत सारं चांगलं हाय म्हनते, मंग दुखते काहून?” बेंबीच्या वर, फासळ्यांच्या खाली दुखतं म्हणून आलेल्या माणसांचा हा नेहमीचा प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन शंका असतात. डॉक्टर पैशासाठी तपासण्या वाढवतात, ही एक. मोठा आजार निघालाय आणि आपल्यापासून लपवतात, ही दुसरी. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशनाचं काम करते. या दोन शंकांमुळे गरजेची तपासणी टाळलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एका मावशींची गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मावशी पन्नाशीच्या पुढच्या. कापूस वेचणीचे दिवस होते, त्यामुळे त्यांची आणि सोबत आलेल्या मुलाची, दोघांचीही त्या दिवशीची मजुरी बुडाली होती. काही महिन्यांपासून पोटात वरच्या बाजूला आग व्हायची, मधूनच कळ यायची, दोन घासांत पोट भरायचं. गावातल्या मेडिकलमधून गॅसची गोळी आणून खायची, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी तालुक्याला एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. तिचीही मावशींना लाज वाटली होती. आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे गरोदर बायांची तपासणी, असंच अजून अनेकांना वाटतं, आणि सेंटरबाहेर गर्भलिंगनिदानाबद्दलचा फलक पाहून तो समज आणखी पक्का होतो. रिपोर्टमध्ये यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंडं, सगळं नॉर्मल. तरीही डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी लिहून दिली. यात तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर आतून पाहतात. मुलगा चिडला आणि आईला घेऊन आमच्याकडे आला. आमच्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं आणि दोघांना माझ्याकडे पाठवलं.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. “मॅडम, एक तपासनी झाली, काहीच निघालं नाई. आता नळी टाकाले लावते. थ्यापेक्षा सिटी स्कॅनच करून टाका ना, एका झटक्यात सारं दिसन.” मावशी गप्प होत्या. खूप वेळाने म्हणाल्या, “आमच्या घराजवळच्या बाईले नळी टाकली, तं कॅन्सर निघाला. सहा महिन्यांत गेली बिचारी.”

त्या बाईचा कॅन्सर नळीने आणला नव्हता, नळीने तो दिसला, आणि उशिरा दिसला. पण हे एवढं सांगून भीती जात नाही. म्हणून तपासणीचा विषय बाजूला ठेवून मी आधी दुखण्याचीच हकिगत विचारते. कधीपासून, नेमकं कुठे, पाठीत जातं का, रात्री झोपमोड होते का, वजन उतरलं का, घास अडकतो का, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. या शेवटच्या प्रश्नावर मावशी म्हणाल्या की गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळी रोज घेते, दिवसभर वाकून वेचणी करायची तर त्याशिवाय जमत नाही. ती गोळी उपाशीपोटी, चहाबरोबर.

मग मी मुलाला केसपेपर आणायला बाहेर पाठवलं. संडासच्या रंगाबद्दल बाई मुलासमोर बोलत नाही, नवऱ्यासमोरही बोलत नाही. एकटीला विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आठ-दहा दिवसांपासून डांबरासारखी काळी, चिकट होते, आणि वावरात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरी शौच काळी होते, म्हणून तेही विचारलं. तसल्या गोळ्या त्या घेत नव्हत्या. हा निरोप मी लगेच डॉक्टरांना दिला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८ च्या खाली. म्हणजे पोटात वरच्या भागात कुठेतरी रक्त झिरपत होतं. दुर्बीण करायची की नाही हा प्रश्न तिथेच संपला, आता ती लवकरात लवकर करायची होती.

तरी तपासणीची खोली पाहून पेशंट परत फिरतो, हे मला माहीत होतं. म्हणून दुर्बिणीसाठी मोठ्या रुग्णालयात नेणारी रुग्णवाहिका येईपर्यंत दोघांशी बोलत बसले.

सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात. पित्ताशयातले खडे शोधायला तिच्याइतकी सोपी आणि चांगली तपासणी दुसरी नाही. यकृत दिसतं, मूत्रपिंडं दिसतात. पण या लहरी हवेतून पुढे जात नाहीत, आणि जठर व आतड्यात हवा असतेच. त्यामुळे जठराच्या आतल्या अस्तरावरची जखम तिला दिसत नाही, आणि गॅस जास्त असेल तर मागे दडलेलं स्वादुपिंडही नीट दिसत नाही. ‘नॉर्मल’ म्हणजे पित्ताशयात खडे नाहीत, यकृताला सूज नाही. जठराच्या आत काय आहे, हे तिला विचारलेलंच नव्हतं. हे ऐकून मावशीच म्हणाल्या, “म्हन्जे बोंडअळीवानी. बोंड वरून हिरवंगार, फोडल्याबिगर आतली अळी दिसत नाई.” मी इतकी वर्षं हे समजावते आहे, याहून नेमकं मला सुचलं नसतं.

सिटी स्कॅनचंही तसंच. मोठी गाठ, स्वादुपिंडाची सूज, फुटलेलं आतडं यासाठी तो फार उपयोगी आहे. पण अस्तरावरचा लहान अल्सर, म्हणजे जखम, त्यात निसटू शकतो, आणि स्कॅनमध्ये अस्तराचा तुकडा काढून तपासता येत नाही. शिवाय त्यात क्ष-किरण लागतात. छातीच्या एका साध्या एक्स-रेच्या तुलनेत पोटाच्या स्कॅनचं प्रमाण शंभरपटीच्या घरात जातं. फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून औषध सोडायचं असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडं ठीक आहेत ना, ते पाहावं लागतं. गरज असेल तेव्हा हा स्कॅन करावाच, त्याला घाबरू नये. मात्र ‘महाग तपासणी म्हणजे सगळं दाखवणारी तपासणी’ हा समज चुकीचा आहे, आणि तो घरातले पैसे आणि दिवस दोन्ही खातो.

दुर्बिणीत काय होतं, हे मी पायरीपायरीने सांगते, कारण न दिसलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. आधी सहा ते आठ तास पोट रिकामं ठेवायचं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, हवं तर गुंगीचं इंजेक्शन देतात. डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लास्टिकची कडी ठेवतात आणि करंगळीएवढी जाड, लवचीक नळी अन्ननलिकेतून आत नेतात. श्वासाची वाट वेगळी असते, त्यामुळे गुदमरत नाही. उमासे येतात, ढेकर येतात, डोळ्यांतून पाणी येतं, हे मी लपवत नाही. पण काम पाच-दहा मिनिटांचं असतं. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, आणि गुंगी दिली असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच डॉक्टरांना सांगायच्या, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीतीही मुलाने बोलून दाखवली. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, काढताना दुखत नाही, आणि त्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा काढला याचा अर्थ डॉक्टरांना कॅन्सरच दिसला, असाही नाही. बऱ्याच वेळा तो एका जंतूच्या शोधासाठी काढतात.

मावशींच्या जठरात अल्सर निघाला, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही. तुकड्यात कॅन्सर नव्हता. पूर्वी अल्सरचा सगळा दोष तिखटाला आणि टेन्शनला दिला जायचा. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी या जंतूचा संबंध दाखवला, त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. मावशींच्या पोटात दोन्ही एकत्र होती. घरात मात्र सगळा दोष ठेच्यावर टाकून त्यांचं तिखट बंद केलं होतं. तिखटाने आधीच दुखणाऱ्या पोटाची आग वाढू शकते, पण अल्सर तिखटाने होत नाही.

त्यांना रक्त चढवलं, जंतूसाठी चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स दिला. जठरातला अल्सर भरला की नाही हे पाहायला काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करतात, कारण न भरणारा अल्सर कॅन्सर असू शकतो. दुसऱ्या वेळेला मावशी मुलाला न घेता, मैत्रिणीसोबत एसटीने गेल्या. अल्सर भरला होता. गुडघ्यांसाठी आता डॉक्टरांनी वेगळी गोळी आणि व्यायाम सांगितला आहे.

पण सगळ्यांचीच वाट दुर्बिणीपर्यंत जाते, असं नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेला एक तरुण उजव्या फासळीखाली कळ येते म्हणून आला होता. सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर तुटतात, त्यामुळे कमी वयातच पित्ताशयात खडे होतात, आणि पूर्व विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे हे आपल्याला माहीत आहे. त्याचं उत्तर सोनोग्राफीतच मिळालं. खडा पित्ताशयातून पित्ताच्या नळीत उतरला, डोळे पिवळे झाले, तर मात्र सोनोग्राफीत तो निसटू शकतो. तेव्हा एमआरसीपी करतात. हा एमआरआयचाच प्रकार, किरणांशिवाय पित्ताच्या नळ्या दाखवणारा. शरीरात पेसमेकर किंवा लोखंडी तुकडा असेल तर आधी सांगावं लागतं. दारू पिणाऱ्या माणसाला अचानक असह्य दुखून कळ पाठीत गेली, तर स्वादुपिंडाच्या सुजेसाठी आधी रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज पाहतात, सिटी स्कॅन गरजेप्रमाणे नंतर. पोट लाकडासारखं कडक झालं तर उभ्याने काढलेल्या एक्स-रेत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली हवा दिसते का पाहतात, म्हणजे अल्सर फुटला का ते कळतं. घास अडकत असेल तर कधी कधी बेरियमचं पांढरं पाणी पाजून फोटो काढतात. नंतर एक-दोन दिवस शौच पांढरी होते, घाबरू नये, पाणी भरपूर प्यावं.

आणि एक गोष्ट मी फार कळकळीने सांगते. मधुमेह असलेला किंवा उतारवयाचा माणूस “गॅस झाला, छातीखाली जड वाटते, घाम येते” म्हणत असेल, तर सोडा पाजत बसू नका. हृदयविकाराचा झटकाही इथेच दुखतो. त्याची पहिली तपासणी ईसीजी, आणि ती तिथल्या तिथे.

पैशाच्या शंकेबद्दलही बोलायला हवं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. दुर्बीण मात्र ग्रामीण रुग्णालयात सहसा नसते, सेवाग्रामला किंवा नागपूरच्या सुपर स्पेशालिटीला जावं लागतं. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि रेशन कार्ड सोबत न्यावं. आणि तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरला बिनधास्त विचारावं की यात तुम्ही नेमकं काय शोधता आहात. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

सगळ्या तपासण्या नॉर्मल येऊनही दुखत राहणारी माणसंही असतात. त्यांचं दुखणं खोटं नसतं. जठराची हालचाल आणि तिथल्या नसांची संवेदना कोणत्याच फोटोत दिसत नाही. त्यांना औषध लागतं, झोप लागते, आणि “तुले काही झालं नाई” हे वाक्य घरात बंद व्हावं लागतं.

काही दिवसांनी मावशींचा मुलगा स्वतःसाठी आला. तिशीतला, दिवसभर तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, आणि छातीत जळजळ. “आईवानी मलेबी नळी टाका,” म्हणाला. डॉक्टरांनी विचारलं, तपासलं. वजन स्थिर, घास अडकत नाही, शौचाचा रंग ठीक, हिमोग्लोबिन चांगलं. त्याला दुर्बीण सांगितली नाही. शौचातून जंतूची तपासणी लिहून दिली. ही तपासणी गॅसच्या गोळ्या दोन आठवडे बंद असल्याशिवाय खोटी नॉर्मल येऊ शकते, म्हणून तारीख ठरवून दिली. आईची नळी हट्टाने अडवणाऱ्या पोराला आता स्वतःची तपासणी कमी वाटत होती. मी त्याला आईचाच रिपोर्ट पुन्हा दाखवला आणि तिची लक्षणं एकेक करून विचारली. प्रत्येकाला तो “नाई” म्हणत गेला. यातलं एकही लक्षण दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यायचं, हे त्याने केसपेपरच्या मागे लिहून घेतलं. खर्रा सोडायचं बोलणं आमचं अजून चालू आहे.