वडिलांच्या छातीत मज्जातंतूची गाठ निघाली आहे, शस्त्रक्रिया करावीच लागेल का?

खोकल्यासाठी ग्रामीण रुग्णालयात काढलेल्या एक्स-रेत मणक्यालगत गुळगुळीत कडेची गोल सावली दिसली आणि सीटीच्या अहवालात ‘श्वानोमाची शक्यता’ असे आले, असे आपण लिहिले आहे. मज्जातंतूच्या आवरणातून उगवणारी ही गाठ प्रौढांमध्ये बहुतेकदा कर्करोगाची नसते आणि फार सावकाश वाढते. तरीही ती वाढून आसपासच्या भागांवर दाब आणू शकते, म्हणून प्रकृती झेपणारी असल्यास सहसा काढण्याचाच सल्ला देतात. लहान गाठी अनेकदा दुर्बिणीतून निघतात. वय फार असेल व त्रास नसेल, तर ठरावीक काळाने स्कॅन करून लक्ष ठेवणेही योग्य ठरते.

एमआरआय मात्र टाळू नका. काही गाठी दोन मणक्यांमधल्या छिद्रातून आत, मज्जारज्जूपर्यंत शिरून डंबेलसारख्या होतात, आणि तसे असल्यास छातीच्या सर्जनसोबत मणक्याचा सर्जनही लागतो. म्हणून नागपूर किंवा सेवाग्रामसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात दाखवावे, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल तेथील आरोग्यमित्राला विचारावे.

कापसाची वेचणी उरकून जाऊ का, हा आपला प्रश्न मी समजू शकतो. डॉक्टरांनी मुभा दिली तर काही आठवडे थांबता येते. पण पायांत मुंग्या आल्या, चालताना तोल गेला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी निघा.