नळ कोरडे पडल्यावर किती दिवसांत माणसं एकमेकांच्या उरावर बसतात?

तुम्ही विचारलंय की भीषण पाणीटंचाईत तग धरणाऱ्या मुलीवर किशोरांसाठी कादंबरी लिहिताना हाणामारी कितव्या दिवशी सुरू करावी. मी सोलापूरची. आमच्याकडं पाणी नसतं तेव्हा भांडणं होत नाहीत, येतं तेव्हा होतात. चार दिवस गल्ली गुण्यागोविंदानं नांदते. पाचव्या दिवशी कुणीतरी नळाला डायरेक्ट मोटर लावतो, खालच्या अंगाच्या घरांची धार करंगळीएवढी होते आणि सात पिढ्यांचा उद्धार सुरू.

2013 चा एप्रिल. सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण मायनसमध्ये, माझी नववीची परीक्षा, सकाळी गणित. आमचा नळ खड्ड्यात आहे. प्रेशर नसतं म्हणून कंबरभर खणून पाईप खाली घेतलेला. पहाटे मी त्यात उतरून तोटीला कान लावून बसले. नळ आधी फुसफुसतो, मग खोकल्यासारखा गढूळ घोट टाकतो, मग धार. मी ओरडले, "फुसफुसतंय!" दादानं ऐकलं "आलं!" आणि शिळं पाणी म्हणून पिंप मोरीत पालथं केलं. वर दोन्ही हंडेही. नुसती हवा होती. त्या दिवशी पाणी आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

आई विड्या वळत होती. काही बोलली नाही. मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि घागर माझ्या हातात दिली. माझ्या, दादाच्या नाही. दोन गल्ल्या पलीकडं बोअरला रांग. मचूळ पाण्याच्या तीन खेपा करून शाळेत पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन अर्धा तास झालेला.

दादा आता पुण्यात असतो. पाहुण्यांना सांगतो, "टंचाईनं आम्हाला घडवलं." वर हसून, "हिनंच बोंब मारली, आलं म्हणून." मी फुसफुसतंय म्हणाले होते.

तर नायिकेच्या हातात चाकू-बिकू देऊ नका. पहाटे कोण उठतं, घागर कुणाकडं येते ते लिहा. आणि धरण 'कोरडंठाक' करू नका. उजनीत भरल्यावर 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी, त्यातला जवळपास 64 मृतसाठा, म्हणजे दरवाजांच्याही खाली तळाशी राहणारं पाणी. मायनस म्हणजे त्या मृतसाठ्याला हात लागला. पाणी डोळ्यांना दिसतं, पण पंपापासून लांब गेलेलं असतं. मग दुबार पंपिंग करून ते ओढत आणायचं.

हे शहरातलं झालं हं. सांगोला-मंगळवेढ्याकडं वाडीवर टँकर विहिरीत ओततात आणि सगळे पोहरे एकदम खाली पडतात. तिथं तुमची झोंबाझोंबी खपून जाईल.

नायिकेला भाऊ देणार असाल तर त्याला पालथं पिंप हातात घेऊन मोरीत उभा करा. पुस्तक छापलं की एक प्रत पुण्याला पाठवा. पत्ता मी देते.